ल, ळ आणि आजीचं नाव



आमच्या पिंपळे सौदागरात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न फ्लॅट नंबरचा आणि दुसरा, "तुम्ही मूळचे कुठले?" गावठाणातली जुनी घरं सोडली तर आमचं सगळं जग बाहेरून आलेलं. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी पार इंदूरचं. हिंजवडीला कंपन्या आल्या, पवनेकाठच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि मुलाच्या नोकरीपायी आम्ही दोघंही इथं येऊन स्थिरावलो. भाजीला जाताना कोकणे चौकाची पाटी दिसते, तेव्हा दर वेळी मनात येतं, या आडनावाचा मूळपुरुष कधीकाळी घाट चढून वर आला असेल का? चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे नावांच्या मागे लागायची खोड काही जात नाही. असो.

निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले. वेळ जावा म्हणून, दुसरं काही नाही. पण २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, पुढे तिचं काम राज्यभर वाढलं, आणि अचानक माझ्या मोडीला भाव आला! सोसायटीतली मंडळी पणजोबांच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन यायला लागली. "काकू, एवढं वाचून द्या ना." जे लागेल ते वाचून देत होते. ज्यांना पणजोबांचं नाव धड माहीत नव्हतं, ते आता खापरपणजोबांच्या शोधात होते.

अशीच एक दिवस एक मुलगी आली. "नमस्कार. आपण कशा आहात?" असं अगदी पाठ्यपुस्तकातलं मराठी. मी म्हटलं, "अगं, आत ये, बस. कुठली तू?" तर म्हणाली, "मॉरिशस."

तिथं मराठी शाळेत शिकवतात, ते ती शिकलेली. घरी मात्र क्रिओल. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला आलेली, हिंजवडीला इंटर्नशिप, म्हणून दोन मैत्रिणींबरोबर आमच्या सोसायटीत भाड्यानं राहत होती. कुणीतरी तिला सांगितलं की बी विंगमधल्या आजी जुने कागद वाचतात. तिचा कागद मोडी नव्हताच, इंग्रजी होता. पण तो वाचायला मराठी लागणार होतं.

आता थोडा इतिहास. (शिक्षिकेच्या घरी आलात, सुटका नाही!) ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं संपली तेव्हा मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साधारण साडेचार लाख भारतीय त्या एवढ्याशा बेटावर नेले गेले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार, वर शिधा आणि कपडे. एक दिवस कामाला दांडी झाली की दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी तिथली पद्धत. करार म्हणजे ॲग्रीमेंट, त्याचंच झालं 'गिरमिट'. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्यांच्या मानानं थोडे, आणि त्यांत कोकणातले बरेच. मॉरिशसमध्ये त्यांना मराठे म्हणण्याऐवजी 'बॉम्बे' म्हणायचे. म्हणजे माणसाची ओळख काय, तर ज्या बंदरातून तो निघाला ते बंदर!

पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि त्या माणसांची दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. जाऊन सहज चाळता येतील अशी ती नाहीत. जन्म-लग्नाचे दाखले एकाला एक जोडून आपण वंशज आहोत हे दाखवावं लागतं. या मुलीच्या आजोबांनी ते सगळं केलं होतं. निमित्त झालं २०२४ चं. त्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या होत्या आणि तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळेल असं त्यांनी जाहीर केलं. कार्डापुरता पूर्वज भारतातून आला एवढा पुरावा बास होता. पण आजोबांनी नातीला बजावलं, "कार्ड होईल गं, पण तू तिकडे आहेस तोवर गाव शोध. मला एकदा तिथल्या देवळात नारळ ठेवायचाय." आजोबांचं वय ८४.

कागद उलगडला. १८५० च्या दशकातलं आगमन. रकाने आखलेले: क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज. नाव आपल्याकडे घरोघर असायचं तसलंच. ते इथं लिहीत नाही, कारण ते तिच्या घरचं आहे. त्याच्या बापाचं नाव म्हणजे या मुलीचं आजचं आडनाव. मॉरिशसला असं पुष्कळ झालं. इकडे सखाराम म्हणजे एखाद्याचे वडील. तिकडे सरकारी कागदावर चढला की पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव सखाराम. मूळ आडनाव विचारणारं कुणी नव्हतं. म्हणजे आडनावावरून गाव काढायची आपली नेहमीची वाट पहिल्यांदाच बंद.

जिल्हा रत्नागिरी, हे स्पेलिंग कितीही वेडंवाकडं असलं तरी कळत होतं. आणि गाव? एम, ए, एल, जी, ए, यू, एम.

आता सांगा, काय वाचाल?

इंग्रजी लिपीत आपला 'ल' आणि 'ळ' एकच. 'म' आणि 'मा' सुद्धा एकच. मुलगी म्हणाली, "मालगाम". मी वहीच्या एका पानावर तिला तीन गावं लिहून दिली. मिरजेजवळचं मालगाव. सावंतवाडीजवळचं मळगाव, जिथं आज कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन आहे. आणि मालवण तालुक्यातलं माळगाव. ती बिचारी तिन्ही नावं पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. 'ळ' तिच्या जिभेला नवा नव्हता, शाळेत शिकलेली होती, पण एका 'ळ'वर आपलं अख्खं कूळ अडलंय हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांत 'ल'चा 'ळ' करत लाल शाई संपवली. त्याची किंमत इतकी असते हे मलाही तेव्हाच उमगलं.

मग आम्ही दोघी डिटेक्टिव्ह झालो. मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. सावंतवाडी भोसल्यांचं संस्थान. मालवण मात्र इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला). कागदावर जिल्हा रत्नागिरी, म्हणून माळगावाचं पारडं जड. मुलगी खूश झाली. पण मुंबईच्या डेपोतला कारकून समोरच्या माणसाला "कोकणातला ना?" एवढंच विचारून सरसकट रत्नागिरी लिहीत नसेल कशावरून? आणि समोरचा माणूस तरी खरं सांगत होता का? कुणी सावकाराला चुकवून निघालेलं, कुणी घरात भांडून. अशानं खरं गाव का सांगावं? बरं, या तीन गावांशिवाय एखादी वाडी असेल, जिचं नाव आज कुठल्याच नकाशात नाही.

एक पुरावा कागदाबाहेरचा होता. ती सहज म्हणाली, "आमच्याकडे सणाला झाकरी करतात." झाकरी म्हणजे काय ते तिनं मोबाईलवर दाखवलं. गोल धरून नाचणारी माणसं, मध्ये ढोलकी, पायांची ती विशिष्ट फेक. अहो, ही तर आपली जाखडी! कोकणात गणपतीत बाल्या नाच करतात ती. गावाचं नाव गेलं, आडनाव गेलं, भाषाही निम्मी गेली, पण पायांना ठेका आठवत होता. यावरून माळगाव की मळगाव हे ठरत नाही. पण कोकण मात्र ठरतं, आणि तेवढं त्या कारकुनाच्या शाईपेक्षा मला खात्रीचं वाटलं.

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिनं कागद अशी घडी घालून धरला होता की जातीचा रकाना आत जाईल. मी विचारलं, तर म्हणाली, "आजोबांनी सांगितलंय, ते वाचायचं नाही. आम्ही तिकडे एकशे सत्तर वर्षं त्याच्याशिवाय राहिलो." मी काही बोलले नाही. त्याच टेबलावर त्याच आठवड्यात मी शेजाऱ्यांना नेमका तोच रकाना भिंगातून वाचून देत होते. त्यांचीही गरज खरीच होती, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. पण एकाच रकान्याकडे माणसं किती वेगवेगळ्या नजरेनं बघतात!

आणि मग तिनं दुसरा कागद काढला. त्या माणसाच्या बायकोचा.

मला वाटलं होतं, तिची नोंद नवऱ्याच्याच ओळीत 'सोबत पत्नी' अशी असेल. तसं नव्हतं. तिला तिचा स्वतःचा क्रमांक होता. स्वतःचं नाव. तिच्या बापाचं नाव. वय वीस. उंची चार फूट नऊ इंच. खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.

त्या दोघांचं लग्न गावातच झालेलं की डेपोत जमलेलं, हेही त्यातून कळत नाही. जहाजाची वाट बघताना डेपोत जोड्या जमत, तशीही लग्नं होत. ते काही का असेना. त्या बाईचं माहेरचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि मनगटावरचा चुलीचा चटका समुद्रापार, परक्या सरकारच्या वहीत शाबूत राहिला. का? तर ती मजूर म्हणून मोजली गेली. मायेनं कुणी लिहिलं नव्हतं. पळून गेली तर ओळखून पकडता यावी म्हणून लिहिलं होतं. हे कळत होतं, तरी मी त्या ओळीवरून बोट काढू शकले नाही.

कारण माझ्या आजीचं नाव मला माहीत नाही.

आजी म्हणजे आईची आई. सासरचं नाव माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. माहेरचं नाव कुणालाच नाही. आमच्या आजोळी, सातारकडच्या त्या घरात, तिच्याबद्दल एवढंच बोललं जायचं की ती 'घाटाखालची'. १९१८ च्या तापात तिचं घर गेलं. इन्फ्लुएंझाची ती साथ, आपल्या देशात कोटीच्या वर माणसं गेली तिच्यात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरक्या मुलीला कुणी नातेवाइकानं घाटावर आणून उजवून टाकलं. ते नातेवाईक पुन्हा आले नाहीत. मी चौथीत होते तेव्हा आजी गेली. मला आठवते ती तिची तिरफळांची छोटी बरणी. घाटावरच्या त्या घरात तिरफळ दुसरं कुणी ओळखतही नव्हतं. आजी कुणातरी फिरत्या विक्रेत्याकडून मागवून घ्यायची आणि तिच्या वाटच्या आमटीत दोनच ठेचून घालायची. आम्ही मुलं वास घेऊन नाकं मुरडायचो. मॉरिशसची जाखडी, तशी आजीची तिरफळं. तीही गावापर्यंत नेत नाहीत, फक्त दक्षिण कोकणाच्या दिशेला बोट दाखवतात.

त्या मुलीचे कागद बघितल्यावर मी आजीसाठी मनातल्या मनात सगळी दप्तरं धुंडाळली. जन्म-मृत्यूची जुनी गावची वही, म्हणजे गाव नमुना नंबर १४? पण अशा वह्यांत बारशाआधीच नोंद झालेल्या मुलीपुढे 'अमक्याची मुलगी' एवढंच सापडतं, आणि आपल्याला तर अमकाही माहीत नाही. शाळेचा दाखला? शाळेत कोण घालतंय. सातबारा? तिच्या नावावर जमीन कुठली. तीर्थोपाध्यायांच्या वह्या? नाशिकला आमच्या ह्यांच्या घराण्याच्या सात पिढ्या मी स्वतः बघितल्यात. पुरुष सगळे ओळीनं. बायकाही आहेत तिथं, पण सासरच्या नावानं.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची रीत. किती कौतुकानं बघतो आपण! नवं नाव निदान तांदळात तरी लिहिलं जातं. जुनं त्याच क्षणी पुसलं जातं आणि ते कुठंच लिहिलेलं नसतं. समुद्र ओलांडून गेलेल्यांचं मूळ हरवलं म्हणून आपण हळहळतो. आपल्या घरात प्रत्येक पिढीत एक बाई उंबरठा ओलांडून येते आणि दोन-तीन पिढ्यांत तिचं मूळ तितकंच हरवतं. तिचं गिरमिट पाच वर्षांनी संपतही नाही.

मी लगेच मावशीला फोन लावला. मावशी ९२ वर्षांची, ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख. विचारलं, "मावशी, आजीचं माहेरचं नाव काय गं?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "नाव नाही ठाऊक. पण माझी आत्या सांगायची ते आठवतंय. आई नवी नवरी होती तेव्हा सासू हाक मारायची, तर ही वळूनच बघायची नाही. सहा महिने घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी बहिरी आहे. पदरात बहिरी बांधली म्हणून सासू कुरकुरायची."

बहिरी नव्हती हो ती. तिला कुणी तिच्या नावानं हाक मारत नव्हतं.

फोन ठेवल्यावर चहा झाला, स्वयंपाक झाला, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. घरात आठ-दहा माणसं. एकानंही विचारलं नाही की मग तू कुठल्या नावाला वळतेस? एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तर आज शंभर वर्षांनी मला उत्तर मिळालं असतं.

मॉरिशसच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. तिनं आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि मला समोर बसवलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माळगाव असण्याची शक्यता जास्त, पण खात्री देता येत नाही. आजोबा हसले. तुटक मराठीत म्हणाले, "बाई, एक नारळ तीन जागी ठेवता येत नाही. आम्ही तीन नारळ आणू." त्या माणसानं माझं सगळं संशोधन एका वाक्यात निकालात काढलं! येत्या हिवाळ्यात ते यायचे आहेत. माळगाव आणि मळगाव एका फेरीत होतील, मालगावसाठी मिरजेला वेगळं जावं लागेल. त्यांना न्यायला आमचा मुलगा गाडी काढणार आहे आणि आम्ही दोघंही बरोबर जाणार आहोत.

मी मात्र एक काम हाती घेतलंय, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. शाळेच्या हजेरीपटासारखी एक मोठी वही आणली. त्या मॉरिशसच्या कागदाचेच रकाने आखले, फक्त जातीचा सोडून. क्रमांक, माहेरचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, गाव, उंची, खूण. आमच्या माहेरच्या, सासरच्या आणि आजोळच्या सगळ्या बायका त्यात लिहितेय, गेलेल्या आणि असलेल्या. आईच्या नावाचा रकाना त्या कारकुनाकडे नव्हता, तो मी वाढवला. आतापर्यंत ४१ ओळी झाल्या. त्यांतल्या १७ अर्ध्याच भरल्यात. माझी ओळ मीच भरली: उंची पाच फूट एक इंच, खूण म्हणजे उजव्या हाताच्या मधल्या बोटाला खडूनं आणि पेनानं पडलेला घट्टा. सुनेची भरली तेव्हा ती म्हणाली, "आई, माझं नाव तर बदललंच नाही, मला कशाला?" म्हटलं, तुझी ओळ सगळ्यात सोपी म्हणून आधी घेतली गं.

आजीची ओळ आठव्या क्रमांकावर आहे. नावाचा रकाना कोरा. गावाच्या रकान्यात 'घाटाखाली'. उंची मावशीनं अंदाजानं सांगितली. खुणेच्या रकान्यात 'तिरफळ' लिहिलंय.

तेव्हा माझ्या सगळ्या नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. माळ्यावरची भांडी काढा आणि त्यांवर कोरलेली नावं बघा, विशेषतः लग्नात आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरची. देण्याघेण्याच्या याद्या, जुन्या पत्रिका, फोटोंच्या मागच्या बाजू बघा. कागद मोडीत असेल तर नुसता फोटो पाठवा, वाचायचं काम माझं. घरात ऐंशीच्या पुढची कुणी असेल तर तिला आजच विचारा की तिला लहानपणी कुठल्या नावानं हाक मारायचे. आणि आजोळच्या कुणाकडे आजीचा पितळी डबा किंवा तांब्या गेला असेल तर त्याचा तळ एकदा घासून बघा.

फोन कधीही करा. फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी झोपते.